पडदा काळा का?



विहिरीवर मोटार चालू आहे, तिचा आवाज कानी येतो आहे, आणि शेवटच्या वाफ्यात मात्र पाण्याचा टिपूस नाही. अशा वेळी दारं धरणारा गडी काय करतो? मोटार बिघडली म्हणून ती उचकटून तालुक्याला नेत नाही. खोरे खांद्यावर टाकतो आणि पाटाच्या कडेने चालत सुटतो. कुठे पाणी भलतीकडे वळलेले असते, कुठे खेकड्याने भोक पाडलेले असते. आज मी बोलणार आहे ते संगणकाबद्दल, पण गोष्ट हीच. नवे ग्राफिक्स कार्ड बसवले, पंखे फिरले, दिवे लागले, आणि पडदा काळाच्या काळा.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे संगणकाच्या पेटीतला चितारी. पडद्यावरचे प्रत्येक अक्षर नि चित्र ते तयार करते आणि केबलीतून मॉनिटरकडे पाठवते. पुष्कळ संगणकांत हे काम प्रोसेसरच्याच पोटातला एक भाग करतो, त्यांना वेगळे कार्ड लागत नाही. काहींना मात्र लागतेच.

माझ्या ओळखीच्या एका माध्यमिक शाळेला माजी विद्यार्थ्याने आपला वापरलेला संगणक भेट दिला. यंत्र चांगले होते, पण त्यातले कार्ड त्याने आधीच काढून घेतले होते. प्रोसेसर इंटेलचा, आणि त्याच्या क्रमांकाच्या शेवटी इंग्रजी ‘एफ’ हे अक्षर. असे अक्षर असलेल्या प्रोसेसरांत चित्र काढायची सोय नसते. म्हणजे कार्ड घेणे आले. शिक्षकांनी आपापसांत वर्गणी काढली, विज्ञानाच्या सरांनी शहरातून कार्ड मागवले, स्वतःच्या हाताने बसवले. पडदा काळा. कार्ड परत पाठवले, दुसरे आले. तेही काळे. जाण्यायेण्याचे भाडे सरांच्या खिशातून गेले, आणि शिक्षकांच्या खोलीत कुजबूज सुरू झाली की, सरांना जमत नव्हते तर हात कशाला घातला? मी गेलो तेव्हा दुसरे कार्डही खोक्यात घालून सुतळीने बांधून ठेवलेले होते. परत करण्याच्या मुदतीचे दोन दिवस उरले होते.

मंडळी, नवी वस्तू खराब निघतच नाही असे नाही, निघते. पण ओळीने दोन? मला ते पटेना. मी म्हटले, “सर, सोडा ती सुतळी. जसे बसवले होते तसेच पुन्हा बसवा, मी नुसता बघतो.”

कार्ड त्यांनी अगदी नीट बसवले. मग मॉनिटरची केबल घेतली आणि संगणकाच्या मागे लावली. मी तिथेच थांबवले. शाळेचा मॉनिटर जुना. त्याची केबल निळ्या तोंडाची, १५ पिनांची, म्हणजे व्हीजीए. ही पद्धत आयबीएम कंपनीने १९८७ साली आणली. नव्या कार्डांना बहुधा असे तोंड नसते. सरांच्या कार्डाला एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट अशी दोनच तोंडे होती. निळी केबल तिथे जाईना, आणि वर मदरबोर्डच्या पट्टीत मात्र निळे भोक होते. जिथे बसली तिथे सरांनी ती लावली. कोणीही लावली असती! पण ते निळे भोक प्रोसेसरच्या पोटातल्या चितार्‍यासाठी असते, आणि या प्रोसेसरात तो नव्हताच. कार्ड बिचारे चित्र काढून तयार होते. ते न्यायला कोणी आले नव्हते.

शेजारच्या वर्गात भिंतीवर टीव्ही होता. त्याची एचडीएमआय केबल काढून आणली, एक टोक कार्डाला, दुसरे टीव्हीला. टीव्हीवर रिमोटने तोच इनपुट निवडला. हेही विसरू नका. मॉनिटर दुसर्‍याच तोंडाकडे कान लावून बसला असेल, तर चित्र येऊनही दिसत नाही. बटण दाबले, आणि काही क्षणांत चित्र आले. सर खुर्चीत बसले ते बराच वेळ बोललेच नाहीत.

तुमच्याकडे कारण दुसरे असू शकेल. तेव्हा केबल बघून झाली की पुढचा पाट तपासा. त्याआधी विजेची पिन काढा, चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल, आणि पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावून मग आत हात घाला. विजेचा पुरवठा करणारा बंद डबा मात्र कधीही उघडू नका.

मदरबोर्डवरची कार्डाची लांब खाच जास्तीत जास्त ७५ वॅट वीज देते. मोठ्या कार्डाचे तेवढ्यात भागत नाही. त्याच्या माथ्यावर ६ किंवा ८ पिनांचे वेगळे तोंड असते. ६ पिनांतून ७५, ८ पिनांतून १५० वॅट येतात. ही तार लावायची राहिली तर पंखे फिरतील, पण चित्र येईलच असे नाही. प्रोसेसरचीही एक तार ८ पिनांची असते नि दिसायला तशीच असते. ती इथे जोर लावून घुसवू नका, तिची रचना उलटी आहे.

मग कार्ड एकदा काढून पुन्हा बसवा. खाचेच्या टोकाची कडी ‘टक्’ वाजली पाहिजे. आणि हो, कार्ड दाबताना शेजारची रॅमची पट्टी हलते, हे फार वेळा घडते. रॅम ढिली झाली तरी पडदा काळाच राहतो, आणि दोष मात्र नव्या पाहुण्याच्या माथी येतो. काही मदरबोर्डांवर बारीक दिवे असतात; कोणत्या नावापुढचा दिवा लागून राहतो ते वाचा. त्यांत कार्डाच्या दिव्याला अजूनही बहुधा ‘व्हीजीए’च म्हणतात!

एवढे करूनही अंधार असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल काही मिनिटे काढून ठेवा. जुन्या सेटिंग पुसल्या जातात. सुरुवातीला कंपनीचे चिन्ह दिसून मग पडदा काळा होत असेल, तर चित्राची वाट बहुधा ठीक आहे. आधी ड्रायव्हर म्हणतात ती प्रणाली बघा. शेवटी कार्ड दुसर्‍या चालत्या संगणकात लावून पाहा. तिथेही उजेड पडला नाही, तर खुशाल परत करा.

आमच्या सरांचे काम एका लहानशा कन्व्हर्टरवर भागले. एचडीएमआयच्या चित्राचे व्हीजीएच्या चित्रात रूपांतर करणारा तो असतो. घेताना तोच मागा. नुसती दोन टोके जोडणारी स्वस्त तार चालत नाही, कारण दोन्हींची भाषा वेगळी. जुना मॉनिटर तसाच कामी आला.

त्या संध्याकाळी सरांनी शहरातल्या दुकानदाराला फोन लावला. म्हणाले, “ते पहिले कार्ड परत पाठवलं ना, ते चांगलं असेल हो. फेकून देऊ नका.”