पुडीवरची अक्षरे आणि सातबाऱ्यावरचे नाव

(भाईंदर पश्चिम येथे युवकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



सभागृहात येताना तुम्ही लावलेली चित्रे पाहिली. तोडलेल्या झाडाच्या बुंध्याशी बसलेले ओरांगउटानचे पिल्लू आणि खाली घोषणा : ‘पामतेलावर बहिष्कार टाका.’ तेथून आत आलो, तर आम्हा पाहुण्यांसाठी फरसाणाच्या पुड्या मांडलेल्या होत्या. पत्रकाराच्या सवयीने एक पुडी उलटून घटकांची यादी वाचली. पहिल्या ओळीतच पामतेल होते.

हे तुम्हाला ओशाळे करण्यासाठी सांगत नाही. या कार्याची सुरुवात नेमकी अशाच पुडीपासून झाल्याचा दाखला आहे, म्हणून सांगतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यात २००७ साली मॅडिसन व्होर्वा आणि रायनन टॉमटिशन या अकरा वर्षांच्या दोन मुलींनी गर्ल स्काउटच्या उपक्रमासाठी ओरांगउटानचा विषय निवडला. त्यांच्या संघटनेतील मुली दरवर्षी बिस्किटे विकून निधी उभा करतात. त्याच बिस्किटांत पामतेल असल्याचे या दोघींच्या ध्यानी आले. त्यांनी विक्री थांबवली आणि स्वतःच्याच संघटनेला जाब विचारला. संघटनेला २०११ मध्ये पामतेलाविषयीचे धोरण जाहीर करावे लागले. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने या दोघींचा वनरक्षणाच्या कार्यासाठी गौरव केला. परक्या देशाला दोष देण्याआधी त्यांनी आपल्या हातातला पुडा वाचला होता, हे ध्यानात घ्या.

‘ओरांगउटान’ या मलय शब्दाचा अर्थच रानातला माणूस. बोर्निओ आणि सुमात्रा ही दोन बेटे सोडली, तर तो जगात कोठेही रानात राहत नाही. त्याच्या तिन्ही जाती अतिसंकटग्रस्त आहेत. २०१७ मध्ये स्वतंत्र म्हणून ओळखली गेलेली तापानुली जात तर आठशेपेक्षाही कमी उरली आहे. याच बेटांवरील वर्षावने तोडून तेलताडाच्या बागा उभ्या राहिल्या. जगातील पामतेलापैकी चार पंचमांशाहून अधिक तेल इंडोनेशिया आणि मलेशियातून येते, आणि त्याचा सर्वांत मोठा आयातदार आपला भारत आहे.

मग बहिष्कार हाच उपाय का? येथे थोडे थांबले पाहिजे. माझ्या लहानपणी सणाच्या तोंडावर आम्ही रेशनच्या दुकानापुढे रिकामा डबा घेऊन रांगेत उभे राहत असू. पामोलिन मिळाले, तर घरी करंज्या तळल्या जात. २०२२ च्या दिवाळीत राज्य शासनाने शंभर रुपयांत जो ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यातही एक लिटर पामतेलच होते. गरिबाच्या कढईला पापी ठरवून कोणतेही रान वाचणार नाही. शिवाय तेलताड दर हेक्टरी इतर तेलबियांच्या कित्येक पट तेल देतो. उद्या साऱ्या जगाने तो सोडून सोयाबीन धरले, तर त्यासाठी अधिक जमीन लागेल आणि कोठले तरी दुसरे रान पडेल. म्हणून ‘तेल कोणते?’ या प्रश्नाइतकाच ‘ते कोणत्या भूमीवर पिकले?’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

यावर स्वदेशीचे उत्तर आहे, पण ते नीट समजून घ्यायला हवे. १९८६ मध्ये तेलबिया अभियान सुरू झाले आणि १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत खाद्यतेलात आपण जवळपास स्वयंपूर्ण झालो होतो. १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली. पुढे आयातशुल्क उतरत गेले आणि भुईमूग, करडई, कारळा या आपल्या तेलबिया मागे पडल्या. आज गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आपण बाहेरून आणतो.

हे परावलंबन संपवण्यासाठी २०२१ मध्ये केंद्र शासनाने ११,०४० कोटी रुपयांचे तेलताड अभियान जाहीर केले. त्यात ईशान्य भारत आणि अंदमानवर विशेष भर आहे. हेतू आत्मनिर्भरतेचा आहे, त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु आपल्या माणसांना प्रश्न विचारणे हेही आपलेच कर्तव्य. टी. आर. शंकर रामन आणि जयदेव मंडल यांनी मिझोराममध्ये पक्ष्यांचा अभ्यास करून तो २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या झूम शेतीला आपण रानाची वैरीण म्हणत आलो, तिच्या परिसरात तेलताडाच्या बागांपेक्षा अधिक रानपक्षी आढळले. बोर्निओचे रान वाचवण्यासाठी मिझोरामचे रान द्यायचे असेल, तर त्या तेलाला स्वदेशी कसे म्हणावे? देशात पिकले एवढ्याने वस्तू स्वदेशी होत नाही. देशाची भूमी राखून पिकले, तरच ते स्वदेशी.

मिझोरामही तुम्हाला दूर वाटेल. पण भाईंदरमध्ये राहणाऱ्या अनेकांची मूळ गावे तळकोकणात आहेत. सावंतवाडी-दोडामार्गच्या पट्ट्यात तेलताडाच्या जागी रबर आहे, कथा मात्र तीच. २००२ पासून कर्नाटकातून हत्ती तेथे येऊ लागले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये या पट्ट्यात वृक्षतोडीला बंदी घातली. २०२० मध्ये तिलारीचे शासकीय जंगल संवर्धन राखीव क्षेत्र झाले. मात्र खासगी डोंगर विकले गेले, रान उतरले आणि रबराच्या रांगा उभ्या राहिल्या. रान आटल्यावर हत्ती माडाच्या बागेत येणार आणि त्याची झळ शेतकऱ्यालाच बसणार. असा डोंगर विकताना सही कोणाची लागते? सातबाऱ्यावर नाव असलेल्या सहहिस्सेदारांची. त्यांतला एखादा भाईंदरच्या सदनिकेत राहत असतो.

म्हणून तुमच्याकडे तीन गोष्टी मागतो. पहिली, महिनाभर घरात येणाऱ्या प्रत्येक पुडीवरचे घटक वाचा, नोंदवा आणि उत्पादकांना पत्र लिहून विचारा, तुमचे तेल कोणत्या भूमीवरून येते? दुसरी, ज्यांना परवडते त्यांनी घाण्याचे शेंगदाणा, तीळ वा करडईचे तेल घ्यावे आणि आपल्या मंडळाच्या प्रसादापासून, पुढच्या मेळाव्याच्या अल्पोपाहारापासून आरंभ करावा. तिसरी सर्वांत अवघड. या सुट्टीत गावी जाल, तेव्हा आजोबांना किंवा काकांना विचारा, आपला डोंगर कोणी मागितला आहे का? मागितला असेल, तर सही करण्यापूर्वी घरातल्या साऱ्यांनी एकत्र बसावे, एवढा आग्रह धरा. पैशाची नड खरी असेल, तर तीही ऐकून घ्या.

ओरांगउटानच्या पिल्लाचे चित्र काढू नका, ते राहू द्या. त्याच्या शेजारी तुमच्या गावच्या डोंगराचे एक छायाचित्र तेवढे लावा.

वंदे मातरम्!