रेषा, कोन आणि त्रिकोणरचना
(केंद्रसंमेलनातील भाषण)



भूमितीच्या अध्यापनावर चार शब्द बोलावेत अशी सूचना मला झाली, तेव्हा प्रथम आठवले ते माझ्याच वर्गातील एक उदाहरण. ते माझ्या कौतुकाचे नाही, हे आधीच सांगून टाकतो.

सातवीचा वर्ग होता. तास संपत आला होता आणि मला हजेरीपट पुरा करावयाचा होता. मुलांना काहीतरी काम द्यावे म्हणून पुस्तकात न पाहता मी फळ्यावर तीन मापे लिहिली : ८ सेंटिमीटर, ४ सेंटिमीटर आणि ३ सेंटिमीटर. या बाजूंचा त्रिकोण काढा म्हणून सांगितले आणि खुर्चीवर बसलो. पाऊण घटकेत वह्या टेबलावर आल्या. त्या दिवशी वर्गात एकतीस मुले हजर होती. तीस वह्यांत त्रिकोण होता, त्यांच्या कोपऱ्यांवर अ, ब, क ही अक्षरे होती आणि बाजूंवर मापेही लिहिलेली होती. एकतिसाव्या वहीत मात्र ८ सेंटिमीटरची एक रेघ, तिच्या दोन्ही टोकांकडून काढलेले दोन कंस आणि त्या दोहोंमध्ये मोकळी जागा, एवढेच होते. मी त्या मुलास उभे केले. तो म्हणाला, "गुरुजी, कंस भेटतच नाहीत. तीनदा काढून पाहिले." मी म्हणालो, "नीट काढ, म्हणजे भेटतील," आणि त्याच्या वहीवर तांबड्या शाईने शून्य लिहिले.

रात्री कंदिलाजवळ बसून बाकीच्या वह्या पाहू लागलो तेव्हा माझ्या ध्यानात आले की, ४ आणि ३ मिळून ७ होतात. ते ८ च्या दोन टोकांना एकत्र आणू शकणार नाहीत. म्हणजे ज्या त्रिकोणाचे अस्तित्वच संभवत नाही, तो तीस मुलांनी मला काढून दाखविला होता. कोणी ३ च्या बाजूस चार करून घेतले होते, कोणी कंपास मध्येच सैल केला होता, कोणी कंस हातानेच पुढे ओढून दुसऱ्यास भिडविला होता. बहुतेकांनी शेजाऱ्याचे पाहिले होते. दुसऱ्या दिवशी मी माझी चूक कबूल करावी म्हणून वर्गात गेलो, तोच तो मुलगा आपण होऊन पुढे आला आणि त्याने वही उघडून दाखविली. तिच्यात आता त्रिकोण होता.

बंधुभगिनींनो, ती आकृती मी त्यास खोडावयास लावली, वर्गासमोर माझी चूकही सांगितली. परंतु तो त्रिकोण माझ्या डोळ्यांपुढून अद्याप जात नाही. इतिहासातील सन किंवा भूगोलातील नदी मुलाने गुरुजींच्या शब्दावर मानावयाची असते. भूमितीत मात्र खरे काय ते कंपास आणि पट्टीच त्याला सांगतात. तेथे बारा वर्षांचे मूल आपल्या गुरुजींची चूक स्वतःच्या हाताने दाखवू शकते. ही शक्ती मी त्याच्याकडून एका शून्याने काढून घेतली होती.

मग प्रश्न असा पडतो की, तीस मुलांना खोटा त्रिकोण काढताना काहीच का वाटले नाही? माझ्या मते याचे मूळ त्रिकोणरचनेच्या पाठात नसून त्यापूर्वीच्या पाठांत आहे. रेषा, कोन या गोष्टी आम्ही व्याख्या म्हणून पाठ करून घेतो. पुढे रचनाही पायऱ्यांची यादी म्हणून पाठ होते. पाठ केलेल्या गोष्टीचा शेवट ठरलेला असतो, आणि मूल कसेही करून त्या शेवटाला पोहोचते.

रेषेचेच पाहा. रेषेला जाडी नसते असे आम्ही सांगतो, आणि सांगता सांगता फळ्यावर खडूने बोटभर जाड रेघ ओढतो. मूल गप्प बसते, पण त्याला ते पटलेले नसते. याला खेड्यातील मुलाजवळच उत्तर असते. दोन शेतांमधील बांध दीड-दोन हात रुंद असतो, त्यावर गवत उगवते, माणूस चालतो. परंतु एकाची जमीन जेथे संपते आणि दुसऱ्याची जेथे सुरू होते, ती हद्द किती रुंद? तिला रुंदी असती तर ती रुंदी कोणाच्या मालकीची? बांधावरून तंटे झालेले ज्या मुलांनी घरी ऐकले आहेत, त्यांना हा प्रश्न फार लवकर समजतो. बांध ही खडूची रेघ, आणि हद्द ही भूमितीतील रेषा. गवंड्याने दोन खुंट्यांना ताणून बांधलेले सूत दाखविले की रेषाखंड झाला. ते सूत दोन्ही बाजूंनी शिवारे आणि डोंगर ओलांडून न थांबता जाते अशी कल्पना करावयास सांगितली की रेषा झाली. यासाठी एक पाठ पुरे.

कोनाला मात्र वेळ द्यावयास हवा. एका शिरोबिंदूतून निघालेल्या दोन किरणांमुळे कोन होतो, हे वाक्य खरे आहे. पण त्यावरून मुलाला कोन म्हणजे दोन काड्या असे वाटते. मग लांब काड्यांचा कोन मोठा आणि आखूड काड्यांचा लहान, असा त्याचा समज होतो. हा समज इतका चिवट असतो की, ६० अंशांच्या आखूड भुजांच्या कोनाशेजारी ४० अंशांचा लांब भुजांचा कोन काढून विचारले तर वरच्या वर्गातील मुलेही फसतात. म्हणून कोन प्रथम काढू नये, करावा. वर्गाचे दार उघडावे. थोडे उघडले, आणखी उघडले, भिंतीला टेकले; दाराची रुंदी तीच राहिली आणि वाढले ते फिरणे. खराट्याच्या दोन काड्या सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीच्या तुकड्यात खोवल्या तर प्रत्येक मुलाच्या हाती असे दार येते. मुलाने ते हळूहळू उघडावे आणि काटकोन झाला असे वाटेल तेथे थांबावे. खरा काटकोन पाहावयाचा असेल तर कागद एकदा कसाही दुमडून ती घडी पुन्हा स्वतःवर बसेल अशी दुमडावी. तो कोपरा काटकोनाचा असतो, मग कागद कितीही वेडावाकडा फाटलेला असो. गावच्या सुताराकडून लहान आणि मोठा असे दोन गुण्ये एका दिवसापुरते मागून आणावेत. लहान गुण्या मोठ्याच्या कोपऱ्यात बसतो हे मुलांनी स्वतः पाहिले की भुजांच्या लांबीचा प्रश्न पुन्हा सहसा उद्भवत नाही. भिंत गुण्यात आहे, असे गवंडी म्हणतो. हा शब्दप्रयोग वर्गात आणण्यास आम्ही संकोच करू नये.

कोनमापक हाती येतो तेव्हा दोन चुका हटकून होतात. एक, कोनमापकाची कड शिरोबिंदूवर ठेवली जाते, मधली खूण नव्हे. दुसरी, आतले आकडे वाचावेत की बाहेरचे, याचा घोटाळा होऊन ५० अंशांचा कोन १३० लिहिला जातो. याकरिता कोणता आकडा केव्हा वाचावयाचा याचे नियम सांगण्यात अर्थ नाही. कोनमापक लावण्यापूर्वी मुलाने तोंडाने सांगावे : हा काटकोनापेक्षा लहान की मोठा? सुमारे किती? लहान म्हणून सांगितल्यावर १३० लिहिणारे मूल मी क्वचितच पाहिले आहे. अंदाज आधी आणि मोजणे मागाहून, हा क्रम कोठेही मोडू नये.

आता त्रिकोण. माझ्या त्या चुकीनंतर मी रचनेचा पहिला पाठ कंपासाने न देता काड्यांनीच देऊ लागलो. तीन काड्या नळीच्या तुकड्यांनी जोडून त्रिकोण करावा आणि चार काड्यांचा चौकोन करावा. दोन्ही हातात धरून दाबावेत. चौकोन लगेच कलतो, चेपतो. त्रिकोण काही केल्या आपला आकार सोडत नाही. शेताच्या फाटकाला तिरपी पट्टी का मारतात आणि कौलारू छपराखाली कैची का असते, हे मुलांना येथेच सांगावे. काड्यांची लांबी ठरली की त्रिकोण ठरला, या एका अनुभवावर तीन बाजूंची रचना उभी आहे. ते न कळता कंस मारणारे मूल केवळ आज्ञा पाळीत असते.

यानंतर मी ती चुकीची मापे मुद्दाम देतो. पाया ८ चाच ठेवून प्रथम ४ आणि ३. कंस भेटत नाहीत. नंतर ५ आणि ३. कंस भेटतात, परंतु बरोबर पायावरच, आणि त्रिकोण आडवा होऊन रेघच उरते. नंतर ५ आणि ४. आता कंस पायाच्या वर छेदतात आणि त्रिकोण उभा राहतो. तीनही आकृत्या एकाखाली एक काढविल्या म्हणजे, दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असावी लागते, हे मुले स्वतःच बोलतात. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातील हा विसावा सिद्धांत होय. याला सिद्धतेची गरजच काय, हे तर गाढवालाही कळते, अशी थट्टा प्राचीन काळी एपिक्युरसच्या अनुयायांनी केली होती, असे युक्लिडचा भाष्यकार प्रोक्लस नमूद करतो. चारा समोर दिसला की गाढव शेताच्या दोन कडांनी वळसा घेत नाही, आडवे जाते. आमच्या शिवारातील पायवाटाही तेच सांगतात. तो टोमणा ऐकून माझ्या वर्गातील मुले पोट धरून हसली. मी मात्र फारसा हसलो नाही, कारण ते गाढवाला कळलेले एका दिवशी मला कळले नव्हते.

दोन बाजू आणि त्यांमधील कोन दिला असता रचना सोपी जाते, पण 'त्यांमधील' या शब्दावर मुले घसरतात. त्यांना नुसते रागावण्यापेक्षा एक उदाहरण द्यावे : अब ६ सेंटिमीटर, कोन अ ३० अंश आणि बक ४ सेंटिमीटर. येथे कोन दोन बाजूंच्या मधला नाही. ब केंद्र धरून ४ चा कंस मारला की तो कोनाच्या दुसऱ्या भुजेला दोन ठिकाणी छेदतो, आणि एकाच मापांचे दोन निरनिराळे त्रिकोण मिळतात. अर्ध्या वर्गाचा एक आणि अर्ध्या वर्गाचा दुसरा आला, दोघेही बरोबर ठरले, की 'त्यांमधील' या शब्दाची किंमत कळते.

एक बाजू आणि तिच्या दोन टोकांवरील कोन, या रचनेवर मात्र मी थोडा थांबतो, कारण हिंदुस्थानचा नकाशा या एका रचनेवर बेतला गेला. १८०२ साली विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची एक पायारेषा जमिनीवर साखळीने अत्यंत काळजीपूर्वक मोजली. पुढे मुख्य काम कोन मोजण्याचे. पायारेषेच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीकडे पाहून दोन कोन घेतले की त्रिकोण ठरला. त्याच्या उरलेल्या बाजू गणिताने काढल्या की त्याच पुढील त्रिकोणाचे पाये झाले. सुमारे अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र वाहून नेत, त्रिकोणाला त्रिकोण जोडीत ते काम उत्तरेकडे सरकत राहिले. लॅम्बटन १८२३ साली काम चालू असतानाच हिंगणघाट येथे, म्हणजे आजच्या वर्धा जिल्ह्यात, वारला. पुढे हिमालयाची शिखरे मोजली गेली तीही याच रीतीने, त्यांच्या पायथ्याशी न जाता. हे सांगून झाले की मुलांना नदीच्या अलीकडच्या काठावर न्यावे आणि पलीकडच्या झाडाचे अंतर पाण्यात न उतरता काढावयास सांगावे. काठावर १० मीटरचा पाया, दोन टोकांवर दोन कोन, आणि वहीत १ मीटरला १ सेंटिमीटर असे प्रमाण घेऊन आकृती. उत्तर वहीतील पट्टीवर येते. एखादा हट्टी मुलगा उन्हाळ्यात पात्र कोरडे पडल्यावर ते दोरीने ताडून पाहतो. असे झाले तर त्याला अडवू नये. याच रचनेत एकदा १०० आणि ८० अंशांचे कोन देऊन पाहावे. दोन्ही भुजा समांतर जातात, कागद संपतो पण त्या मिळत नाहीत. समांतर रेषांचा पाठ येथून आपोआप सुरू होतो.

साहित्याविषयी थोडे. कंपासाचा स्क्रू सैल असेल तर सारी भूमिती सैल होते. मुलांनी तो तास सुरू होण्यापूर्वी आवळावा. पट्टीची कड झिजली असेल तर शून्यापासून न मोजता १ पासून मोजावे आणि शेवटी १ वजा करावा, हे स्पष्ट सांगावे. पेन्सिलीला टोक असावे. ज्यांच्याजवळ कंपासपेटी नाही त्यांना सुतळी, खिळा आणि अंगण पुरते. रचनेपूर्वी हाताने कच्ची आकृती काढून तिच्यावर मापे लिहावीत, याबाबत मात्र मी कोणासही सवलत देत नाही. बहुतेक चुका तेथेच दिसून येतात.

वह्या तपासताना मी आता एक गोष्ट करतो. जेथे त्रिकोण झाला नाही तेथे शून्य न देता 'का झाला नाही?' असे लिहितो आणि उत्तरासाठी चार ओळी मोकळ्या सोडतो. त्या चार ओळींत मुले जे लिहितात ते वाचण्यास वेळ लागतो, हे खरे. पण त्यांतील काही उत्तरे पुस्तकातील शब्दांपेक्षा सरस असतात.

शुल्ब म्हणजे दोरी. आपस्तंबाच्या शुल्बसूत्रांत ३, ४, ५ आणि ५, १२, १३ अशा प्रमाणांच्या मापांनी यज्ञवेदीचे काटकोन आखण्याची रीत दिलेली आहे, आणि आपला गवंडी पाया आखताना एका सुतावर ३ फूट, दुसऱ्यावर ४ फूट मोजून तिरपे अंतर ५ फूट येते की नाही हेच पाहतो. बारा सारखे भाग पडतील अशा गाठी मारून मी एक दोरी आणली आहे. खुंट्या व्हरांड्यात ठेवल्या आहेत. प्रत्येक गटातून तिघे-तिघे पुढे यावे; ऊन चढण्यापूर्वी आपण पटांगणात जाऊन या शाळेच्या भिंती गुण्यात आहेत की नाहीत ते पाहू.