मूळ प्रत



मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. संगणकावर चित्रण जोडायला युनियनच्या कचेरीत पोरांशेजारी बसून शिकलो. १९८२ च्या संपातल्या एका साचेवाल्याची मुलाखत आम्ही घेतली, मोबाईलवर धाडण्याजोगी लहान फाइल काढली आणि जागा हवी म्हणून मूळ चित्रण पुसले. पुसा म्हणणारा मीच. पुढे म्हातारा गेला. शोकसभेत मोठ्या पडद्यावर पाहतो तो काय, चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन!

असे का व्हावे? एच.२६४ ची लहान फाइल बहुतेक चित्रे पुरती ठेवीतच नाही; शेजारच्या चित्रापासून काय बदलले तेवढे टिपते, बारकावे टाकते. तिच्यातून पुन्हा फाइल काढली की आणखी टाकते. प्रोरेस ४२२ एचक्यूच्या मास्टर फाइलीत एकेक चित्र स्वतंत्र राहते. १०८० चे, सेकंदाला २५ चित्रांचे तासभर चित्रण म्हणजे सुमारे ८३ जीबी. खजिनदार ओरडतो, ओरडू द्या. चित्राचा आकार आणि वेग मूळचाच ठेवा, आवाज दाबू नका. मोबाईलचे चित्रण मुळातच दाबलेले. मास्टरने ते सुधारत नाही, पण पुढे फारसे बिघडतही नाही. लहान प्रती मग तिच्यातून हव्या तितक्या काढा.

म्हाताऱ्याच्या मुलीने परवा मूळ प्रत मागितली. मी तिला ती लहानच फाइल दिली.