पदवीवरचं नाव आणि 1934 चा खटला



तुमच्या हातातल्या पदवीच्या प्रमाणपत्रावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असं छापलेलं आहे. हे नाव सुखासुखी मिळालेलं नाही. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव केला, त्यानंतर त्याच्या विरोधात मराठवाड्यात दलितांची घरं जळाली, आणि जुन्या नावाला हे नाव जोडून नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडली. त्या काळात कुणी काय सोसलं, हे तुमच्या घरातली जुनी माणसं अजून सांगू शकतील. समतेसाठी काय मोजावं लागतं, हे या भागाला बाहेरून येऊन कुणी शिकवायला नको. म्हणून आजचा विषय मी जाणूनबुजून इथे, धाराशिवमध्ये काढतो आहे. समलैंगिक माणसांच्या हक्कांबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

काही चेहरे खाली गेले, ते मला दिसलं. खाली घालू नका. ज्यांचं नाव तुमच्या पदवीवर आहे, त्यांनी या विषयावर मान खाली घातली नव्हती. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ नावाचं मासिक चालवायचे. वाचक लैंगिक प्रश्न विचारायचे, कर्वे सरळ भाषेत उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, आणि वादाच्या विषयांत समलैंगिकताही होती. 1934 साली मुंबईच्या कोर्टात कर्व्यांच्या बाजूनं बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले. गोलमेज परिषदा आणि पुणे करार होऊन गेले होते, साऱ्या देशाची नजर त्यांच्यावर होती. अशा वेळी एका बदनाम मासिकाचं वकीलपत्र घेण्यात त्यांचा काय फायदा होता? त्यांनी ते घेतलं, हॅवलॉक एलिससारख्या लैंगिकतेच्या अभ्यासकांचा आधार देऊन युक्तिवाद केला, आणि खटला हरले. कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. मी स्वतः वकील आहे. हरणारा खटला प्रतिष्ठा पणाला लावून लढायला काय लागतं, हे मला ठाऊक आहे.

तिथून पुढे कायद्याला 84 वर्षं लागली. इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेत घातलेलं, समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 दिल्ली उच्च न्यायालयानं 2 जुलै 2009 ला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं बाजूला ठेवलं. 11 डिसेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं ते परत आणलं, आणि अशी माणसं अगदी थोडी आहेत, हेही एक कारण दिलं. हक्क द्यायला डोकी मोजायची झाली, तर या देशात किती समाजांना हक्क उरतील? अखेर 6 सप्टेंबर 2018 ला पाच न्यायाधीशांनी एकमतानं तो गुन्हा संपवला. त्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी म्हटलं, की इतिहासानं या माणसांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागायला हवी. ‘कुटुंबीयांची’ हे पालकांनी मुद्दाम ऐकावं. तुमच्यावरही अन्याय झाला होता, असं देशाच्या न्यायालयानं मान्य केलं आहे.

‘असलं सगळं पुण्या-मुंबईत, आपल्याकडं नाही,’ हे वाक्य मी जिल्हा न्यायालयाच्या आवारात कितीदा तरी ऐकलं आहे. आपल्याकडे आहे. आपल्याकडची मुलं पुण्याला जातात आणि तिथे पहिल्यांदा मोकळा श्वास घेतात. बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये पुण्यात अशा माणसांसाठी समपथिक ट्रस्ट सुरू केला, मराठीतून या विषयावर पुस्तकं लिहिली. नवरात्रात हीच मुलं तुळजापूरला दर्शनाला येतात, घरी दोन दिवस राहतात, आणि ‘पोरगी बघायला कधी जायचं?’ हा प्रश्न चुकवत परतीची एसटी धरतात.

माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांत मला सर्वांत जास्त छळतं ते हे लग्न. मुलगा घरी सांगायचं धाडस करतो. वडील म्हणतात, लग्न झालं की सगळं ठीक होईल. भावकीत बोभाटा नको म्हणून घाईनं सोयरीक जुळवतात. आणि मग एक परकी मुलगी, जिला काहीही सांगितलेलं नाही, त्या घरात येते. वर्षभरात ती माझ्यासमोर बसलेली असते. ‘माझ्यात काय कमी आहे?’ असं ती विचारते. तिच्यात काही कमी नसतं, त्या मुलातही नसतं. दोघांची आयुष्यं मोडली ती गावाच्या तोंडाला घाबरून. हुंड्याविरुद्ध आपण बोलतो, बालविवाहाविरुद्ध बोलतो. या लग्नाविरुद्ध कुणी बोलत नाही, कारण बाहेरून ते अगदी रीतसर दिसतं.

काही वडील डॉक्टरचा पत्ता मागतात. त्यांना मी सांगतो, जागतिक आरोग्य संघटनेनं 17 मे 1990 ला समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं 2018 मध्ये हा आजार नसल्याचं जाहीर केलं. ‘बरं करून देतो’ म्हणणारी तथाकथित उपचारपद्धती राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवली. असा डॉक्टर भेटला तर मुलाला तिथून घेऊन निघा आणि वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करा.

मुलींचं दुःख आणखी बंद दाराआडचं. दोन सज्ञान मुली एकत्र राहायला निघून गेल्या, की घरचे बेपत्ता झाल्याची तक्रार देतात, कधी अपहरणाची. पोलीस त्यांना शोधून आणतात आणि आई-वडिलांच्या ताब्यात देतात, जणू त्या हरवलेल्या वस्तू होत्या. मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात उच्च न्यायालयांना मार्गदर्शक सूचना दिल्या: अशा व्यक्तीशी एकांतात बोलून तिची इच्छा जाणून घ्या, समुपदेशनाच्या नावाखाली तिचं मन वळवू नका, आणि ती सज्ञान असेल व तिला घरी राहायचं नसेल तर तिला विनाविलंब मोकळं करा. आज पदवी घेणाऱ्यांपैकी काही जण पोलीस भरतीची तयारी करत असतील. ठाण्यात अशी तक्रार आली, तर या सूचना वरिष्ठांच्या टेबलावर ठेवायचं काम तुमचं.

गुन्हा संपला, समान हक्क अजून आलेले नाहीत. 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं विवाहाचा हक्क द्यायला नकार दिला आणि विषय संसदेकडे सोडला. जानेवारी 2025 मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या. याचा अर्थ शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. वीस वर्षं बरोबर राहिलेला जोडीदार वारला, तर सातबाऱ्यावर वारस म्हणून दुसऱ्याचं नाव लागत नाही. कधी फिरकले नसतील असे चुलते येतात आणि घराला कुलूप लावतात. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रानं स्पष्ट केलं, की अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडता येतं, एकमेकांना नॉमिनी करता येतं. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. म्हणून ज्यांना गरज आहे त्यांनी मृत्युपत्र करून ठेवावं. त्याला नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार मात्र हवेत. आणि खासगी नोकरीत किंवा भाड्याच्या खोलीत या कारणावरून डावललं, तर दाद मागायला स्वतंत्र कायदा आजही नाही. तो मागावा लागेल. नामांतरासाठी मोर्चे काढणाऱ्या मराठवाड्याला मागणी कशी करायची हे माहीत आहे.

तुमच्या हातात मात्र आजही बरंच आहे. वसतिगृहात एखाद्याला ‘बायल्या’ म्हणून छळणं ही गंमत नाही; विद्यापीठ अनुदान आयोगानं 2016 पासून लैंगिक कलावरून होणारा छळ रॅगिंगमध्ये धरला आहे. उद्या तुमच्यातले कुणी शिक्षक होतील. वर्गात असा मुलगा मागच्या बाकावर एकटा बसलेला दिसला, तर त्याला पुढे बोलवा आणि हसणाऱ्यांना थांबवा.

आणि या सभागृहात बसलेल्या, हे सगळं श्वास रोखून ऐकणाऱ्या मुला-मुलींनो, ही पदवी तुमचीही आहे. घरी सांगायची घाई करू नका, आधी पायावर उभे राहा. पण कुणाच्याही दबावाखाली लग्नाला होकार देऊ नका.

आई-वडिलांनो, शेवटची विनंती तुम्हाला. मुलगा किंवा मुलगी सांगायला आली, तर त्या दिवशी फक्त ऐकून घ्या. ठरत आलेलं लग्न असेल तर थांबवा, आणि पाहुण्यांना काय सांगायचं ते माझ्यावर सोपवा. जिल्हा न्यायालयात मी रोज असतो. या.