सूर्यप्रकाशाचे दान आणि आपले कर्तव्य



धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी देवाच्या दानांचे स्मरण करणे उचित होय. त्यांपैकी जे राजास व रंकास सारखेच लाभते, त्या सूर्यप्रकाशाविषयी आज मी चार शब्द बोलणार आहे.

आपले पूर्वज ह्या दानाचा उपयोग जाणत होते. मिठागरात मीठ पिके ते ऊन व वारा ह्यांच्याच बळावर. मासळी वाळे ती उन्हात. गलबत चाले ते शिडाने. पुढे विद्या वाढली. प्रकाशापासून वीज उत्पन्न होते, हे 1839 साली बेकरेल ह्या फ्रेंच शास्त्रज्ञास आढळले. आणि 1954 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा उपयुक्त सौरघट जगापुढे मांडला. सिलिकॉनच्या पातळ चकतीवर प्रकाश पडला की तीतील विद्युत्कण वाहू लागतात, व तो प्रवाह इन्व्हर्टरमधून घरगुती उपयोगाचा होतो. त्यात ना चाक फिरते, ना धूर निघतो.

"देवळाचा ह्याच्याशी काय संबंध?" असे कोणी विचारील. संबंध शेजारप्रीतीचा आहे. दिवा आपल्या घरी लागतो, परंतु त्यासाठी कोळसा जळतो तो चंद्रपूरसारख्या दूरच्या ठिकाणी. उजेड आपला आणि राख दुसऱ्याच्या अंगणात, हा न्याय नव्हे; जो शेजारी दिसत नाही, तोही शेजारीच. सृष्टीची हानी प्रथम गरिबांस भोवते, हे पोप फ्रान्सिस ह्यांनी 2015 साली 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात शिकविले. त्यापूर्वीच, 2008 साली, व्हॅटिकनमधील पॉल सहावे सभागृहाच्या छपरावर सुमारे 2,400 सौरफलक बसविण्यात आले होते.

अडचणी आहेत, त्या लपवू नयेत. रात्री ऊन नसते, पावसाळ्यात ढग असतात, फलकांवरील धूळ वरचेवर धुवावी लागते. तरी आपल्याकडे एक किलोवॉटचे फलक वर्षाच्या सरासरीने दिवसास सुमारे 4 युनिट वीज देतात. दिवसा उरलेली वीज तारेत सोडावी व रात्री परत घ्यावी. हिशेब मीटर ठेवतो. घरगुती फलकांसाठी केंद्र सरकारने 2024 साली 78,000 रुपयांपर्यंतचे साहाय्य जाहीर केले.

महोत्सवाची रोषणाई आठ दिवसांत उतरेल. तिच्या खर्चातून काही वाचवून देवळाच्या छपरावर फलक बसविले, तर तो दिवा आपल्या नातवंडांसही पुरेल. धन्याचे द्रव्य जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकरासारखे आपण न व्हावे, अशी सद्बुद्धी दयाघन परमेश्वर आपणां सर्वांस देवो. आमेन.