टाकीतलं कासव आणि वर्गातली मुलं

पावसाळ्यात डहाणू, बोर्डी, झाईच्या किनाऱ्यावर जखमी समुद्री कासवं वाहून येतात. डहाणूत पारनाक्याला वनविभागाच्या जागेत त्यांच्यावर उपचार होतात. शाळेच्या सहलीही तिथे जातात. आज बोलायचंय ते सहल नेणाऱ्या सर-बाईंशी.

टाकीतलं कासव बघून मुलं विचारणारच, "याचा पाय कोणी तोडला?" बऱ्याचदा उत्तर असतं, जाळ्याने. कासव फुप्फुसाने श्वास घेतं. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही, तर पाण्यातच गुदमरतं. सुटायला धडपडलं की दोरा मांसात रुततो.

पण इथेच थांबलात, तर मुलं घरी काय नेतील? मच्छीमार वाईट, एवढंच. आणि वर्गात तर मच्छीमारांचीही मुलं बसलेली असतात! जाळं कापून कासव सोडायचं म्हणजे तांडेलाचं मोठं नुकसान. म्हणून आपल्या राज्यात डिसेंबर २०१८ पासून अशा कापलेल्या जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कासव सोडतानाचे फोटो मात्र काढून ठेवावे लागतात. हेही मुलांना सांगा.

टाकीजवळ एका वेळी दहाच मुलं न्या. हात लावायचा नाही, फ्लॅश बंद. मग किनाऱ्यावर जाऊन वाळूतले जाळ्याचे तुकडे गोळा करा. एखाद्या तांडेलाला बोलवा आणि त्याला बोलू द्या.

एका मुलीने जरी घरी जाऊन बाबांना या भरपाईचं सांगितलं, तरी सहल वसूल!

भेटूया पुढच्या भागात.