घरच्या लेथला कोणती टिप?

उधन्याजवळच्या नवागाममध्ये खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. सुरतेच्या यंत्रमागांनी या माणसांना जसे विणकाम दिले, तसेच यंत्रदुरुस्तीचे कामही दिले. अशा वस्तीतील एखादा टर्नर आयुष्याची बरीच वर्षे दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये घालवून अखेर एक जुना लहान लेथ विकत घेतो आणि घराच्या पुढच्या खोलीत बसवितो. लेथचा खर्च एकदाच होतो. टूलचा मात्र दरमहा चालू राहतो. घरचा धंदा तरेल की बुडेल, हे पुष्कळदा येथेच ठरते.

कारागीर ज्याला ‘विडिया’ म्हणतो ते म्हणजे टंगस्टन कार्बाइड. या कठीण द्रव्याचे सूक्ष्म कण कोबाल्टच्या साहाय्याने एकजीव केलेले असतात. विजेच्या दिव्याची बारीक तार ओढण्यासाठी हिऱ्याचे साचे लागत; त्यांना पर्याय शोधताना १९२३ साली जर्मनीत कार्ल श्रोटर यांना हे द्रव्य साधले. क्रुप कारखान्याने त्याला ‘हिऱ्यासारखे’ या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून विडिया हे नाव दिले, आणि ते आपल्याकडे सामान्यनामच होऊन बसले.

दुकानात गेल्यावर पहिला मोह धारांच्या संख्येचा पडतो. डब्ल्यू-एन-एम-जी जातीच्या टिपेला सहा धारा, सी-सी-एम-टीला दोनच. मग सहा धारांची टिप स्वस्त नव्हे काय? मोठ्या कारखान्यात होय. घरी बहुधा नाही. दोन्ही बाजूंनी वापरता येणाऱ्या टिपेच्या कडा काटकोनी असतात. त्या जॉबला घासू नयेत म्हणून टिप पुढे झुकवून बसवावी लागते. अशी टिप धातू कापण्यापेक्षा ढकलते अधिक. तिला जड यंत्र आणि दणकट मोटर हवी. हलका लेथ तिच्याखाली थरथरतो, जॉबवर लाटा उठतात आणि धार तुटते. सी-सी-एम-टीच्या कडेला ७ अंशांचा उतार असतो. ती कमी जोरात कापते.

टिपेवरील आकडे वाचण्याची सवय हवी. ०६ ०२ ०४ यांतील शेवटचा ०४ म्हणजे टोकाची त्रिज्या ०.४ मिलिमीटर. ०८ असेल तर ०.८. घरच्या लेथवर शेवटचा हात ०.२ मिलिमीटरचा घेतला, तर ०.८ त्रिज्येचे टोक कापण्याऐवजी रगडत राहते. येथे लहान त्रिज्याच बरी. पोलादासाठी पी, बिडासाठी के, ॲल्युमिनियम व पितळेसाठी एन हे अक्षर पाहावे. पी १० झिजेला टिकते. पी ३५ अधिक चिवट असते. चावीचा गाळा असलेल्या जुन्या शाफ्टवर धारेला प्रत्येक फेरीत ठोका बसतो, तेथे चिवटपणाच कामी येतो.

वेगाचा हिशेबही करावा. २५ मिलिमीटर जाडीची सळई मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरली, तर कटाईचा वेग सुमारे ७८ मीटर पडतो. ४०० फेऱ्यांना जेमतेम ३१. एवढ्या मंद वेगाला साध्या पोलादावर घासून धार दिलेले हायस्पीड स्टीलचे टूल उत्तम चालते. विडिया घेतला म्हणजे जुने टूल फेकावे, ही समजूत खर्चिक आहे.

नामांकित छापाच्या नकली टिपाही बाजारात असतात. खऱ्या डबीवर सहसा ग्रेड, वेग, फीड आणि कटाची खोली छापलेली असते. ग्रेडच नसलेली स्वस्त टिप वाईटच असेल असे नाही. पण ती पुन्हा तशीच मिळेल याची हमी कोण देणार? दहांची डबी घेण्यापूर्वी पक्क्या बिलावर दोन टिपा घेऊन आपल्या जॉबवर चालवून पाहाव्यात.

बाहेरचा होल्डर आणि बोअरिंग बार एकच टिप घेणारे निवडले, तर एका डबीत दोन्ही कामे भागतात. टिप धरणारा बारीक स्क्रू कीस झाडताना हटकून हरवतो. त्याचे दोन जादा नग त्याच वेळी मागून घ्यावेत.